कॉलेज मधेच सुटलं होतं, आता परत जायचंय : शिष्यवृत्ती मिळेल का?

जूनमध्ये बोटी किनाऱ्याला लागल्या की आमच्या बाजारातल्या ई-सेवा केंद्रात एक वेगळं गिऱ्हाईक दिसायला लागतं. बारावी झालेल्या पोरांच्या रांगेत जरा अंग चोरून उभं राहिलेलं. ट्रॉलरवर जाणारा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, दोन लेकरांची आई, गोव्यात कंपनीत कंत्राटावर लागलेला आणि आता परत आलेला कुणीतरी. नंबर आला की आवाज खाली करून विचारतात, "माझं कॉलेज मधेच सुटलं होतं. आता या वयात शिष्यवृत्ती कुठली मिळायला, नाही?"

मी इथे फॉर्म भरून देते. त्याआधी मी स्वतः याच रांगेत उभी होते. एस.वाय.बी.कॉम.ला असताना लग्न झालं, कॉलेज सुटलं, आणि सहा वर्षांनी परत गेले. तेव्हा वर्गातली पोरं मला सुरुवातीला 'मॅडम' म्हणायची.

तर उत्तर आधीच सांगते. फी आणि शिष्यवृत्तीच्या ज्या मोठ्या योजना आहेत, त्यांत अडचण सहसा वयाची येत नाही. अडचण येते ती खंड नेमका कुठे पडला याची, आणि उत्पन्न कुणाचं दाखवलं याची. या दोन गोष्टी प्रवेशाआधी सोडवल्या तर बाकीचं काम कागद गोळा करण्याचं आहे. कंटाळवाणं आहे, पण होण्यासारखं आहे.

आधी खंड कुठे पडलाय ते बघा

एक प्रकार म्हणजे बारावी किंवा दहावी करून थांबलेले. मधे चार वर्षं गेली असोत की दहा, एकही अभ्यासक्रम अर्धवट सोडलेला नाही. यांचं काम सगळ्यात सोपं. नवीन प्रवेश, पहिलं वर्ष, नवा अर्ज. फक्त मधल्या वर्षांत काय करत होतो याचं प्रतिज्ञापत्र लागतं. कॉलेजवाले त्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात.

दुसरा प्रकार माझ्यासारख्यांचा, पदवीच्या मधे सुटलेल्यांचा. इथे जपून. खुल्या प्रवर्गातली आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाची मुलं जी योजना घेतात, ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तिच्यात अट आहे की अभ्यासक्रम चालू असताना दोन किंवा त्याहून जास्त वर्षांचा खंड नसावा. शब्द नीट वाचा, 'अभ्यासक्रम चालू असताना'. बारावी आणि एफ.वाय. यांच्या मधली वर्षं त्यात मोजायची नाहीत. पण एस.वाय. करून तीन वर्षं घरी बसलात आणि त्याच पदवीच्या टी.वाय.ला परत आलात, तर ही अट आडवी येते. केंद्रात रोज कुणीतरी या दोन गोष्टींची गल्लत करतं. बारावीनंतर थांबलेला उगाच घाबरून अर्जच करत नाही, आणि पदवीच्या मधे सुटलेला बेधडक अर्ज करतो.

तिसरा प्रकार एक पदवी पूर्ण असलेल्यांचा. बी.ए. झालंय, आता बी.कॉम. करायचंय. मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीचा नियम इथे कडक आहे. एका पातळीचं शिक्षण झाल्यावर त्याच पातळीचं दुसऱ्या विषयातलं शिक्षण चालत नाही. बी.ए.नंतर बी.कॉम. नाही, एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए. नाही. एक व्यावसायिक पदवी घेऊन दुसऱ्या व्यावसायिक शाखेत गेलात तरी तेच, म्हणजे बी.एड. झाल्यावर एलएल.बी. नाही. बी.ए.नंतर पहिल्यांदाच बी.एड. किंवा एम.ए. करत असाल तर मात्र पायरी वरची आहे, चालतं.

दुसऱ्या प्रकारातल्यांसाठी आणखी एक. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडातली बहुतेक आर्ट्स-कॉमर्स-सायन्स कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालंय. नव्या पद्धतीत पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबलात तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. तुमचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. तुम्ही त्याआधीच्या जुन्या अभ्यासक्रमातून सुटलेले असाल तर जुन्या गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा आणि एकच विचारा : "मला कोणत्या वर्षाला घ्याल?" उत्तर तोंडी नको, अर्जावर शेरा मारून घ्या. कारण शिष्यवृत्तीचा अर्ज त्या वर्षावर चालतो, आणि एकाच वर्गासाठी दोनदा पैसे मिळत नाहीत. पूर्वी एस.वाय.ची शिष्यवृत्ती घेतली असेल आणि आता पुन्हा एस.वाय.लाच बसवत असतील, तर त्या वर्षाची फी खिशातून जाणार हे धरूनच चाला.

कोणती योजना तुमची

अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाच्या मॅट्रिकोत्तर योजना वेगळ्या, त्यांची चालू वर्षाची मर्यादा महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर योजनेच्या नावावर टिचकी मारली की दिसते. मर्यादेच्या वर पण नॉन-क्रिमीलेअरमध्ये, म्हणजे मागासवर्गातल्या सधन न धरलेल्या कुटुंबांत असाल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना बघा. खुल्या प्रवर्गासाठी वर सांगितलेली शाहू महाराज योजना. तिच्यात निम्मी फी मिळते, कुटुंबातल्या पहिल्या दोनच मुलांना मिळते, आणि दूरस्थ किंवा अर्धवेळ शिक्षणाला ती लागू नाही. मुक्त विद्यापीठातून शिकायचं ठरवणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. घरी बसून शिकता येतं म्हणून बाया तिकडे वळतात, आणि मग मला येऊन विचारतात की फॉर्ममध्ये आमचं सेंटर का दिसत नाही.

मुलींसाठी आणि बायकांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट जुलै २०२४ मध्ये झाली. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पूर्वी ओबीसी मुलींनाही मुलांसारखी निम्मीच फी मिळायची. अट दोन शब्दांत आहे : 'व्यावसायिक' आणि 'केंद्रीभूत'. प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशातून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की संपलं. साधं बी.ए. यात नाही. बी.एड., एलएल.बी., फार्मसी, इंजिनिअरिंग, शेती यांसारखे अभ्यासक्रम धरा.

यातून एक गोष्ट निघते जी परतणाऱ्यांना उशिरा कळते. बी.एड. आणि एलएल.बी.ला सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते, आणि तिचे फॉर्म हिवाळ्यात निघतात. जूनमध्ये मन बनवलंत तर त्या वर्षीची गाडी गेलेली असते. परत शिकायचा विचार दिवाळीतच करा, शिमग्याला गाव भरलेलं असताना फॉर्म भरून झालेला असू दे.

उत्पन्न कुणाचं? इथेच सगळे आपटतात

माझा पहिला अर्ज परत आला तो इथेच. मी माहेरी जाऊन बाबांचा उत्पन्नाचा दाखला काढून आणला. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची, तर दाखला बापाचा, असं डोक्यात पक्कं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात मात्र लिहिलंय की लग्न झालेल्या, नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं सगळ्या मार्गांचं उत्पन्न धरायचं. सासऱ्यांचं नाही, दिरांचं नाही, एकत्र कुटुंब असलं तरी नाही. फक्त नवऱ्याचं. अविवाहित असाल तर आईवडिलांचं, आणि ते हयात असेपर्यंत दुसऱ्या कुणाचंही नाही. मुंबईला कमावणारा भाऊ दर महिन्याला पैसे पाठवत असला तरी त्याचा पगार यात येत नाही.

आता गंमत बघा. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढायला गेलात की उलटं. तिथे लग्न झालेल्या बाईचंही क्रिमीलेअर ठरतं ते तिच्या आईवडिलांच्या स्थितीवर, नवऱ्याच्या पगारावर नाही. जात जन्माने येते म्हणून. म्हणजे एकाच बाईला एकाच महिन्यात उत्पन्नाचा दाखला सासरच्या तालुक्यातून आणि नॉन-क्रिमीलेअर माहेरच्या प्रांताकडून काढावा लागू शकतो. मालवणची लेक आणि देवगडची सून असेल तर एक फेरी कुडाळच्या प्रांताकडची, एक देवगडच्या तहसीलची. हे कुणी समजावून सांगत नाही. खिडकीवर नुसतं 'चुकीचा दाखला' एवढंच ऐकायला मिळतं.

नोकरी करत शिकणार असाल तर तुमचं स्वतःचं उत्पन्नही मिळवलं जातं. गोव्यातून परतलेल्यांनी आणखी एक पाहावं. तिकडे असताना सिम किंवा भाड्याच्या खोलीसाठी आधारचा पत्ता गोव्याचा करून घेतलेला असतो. तो आधी गावचा करा, मग पुढचं सगळं.

कागद, कोकणी पद्धतीचे

आंबा उतरला की कागदाला लागा. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतरच काढायचा. तो ३१ मार्चला संपतो, त्यामुळे फेब्रुवारीत "आत्ताच काढून ठेवू" म्हणून काढलेला दाखला जुलैत रद्दी असतो. माझ्या भावजयीने असा काढला आणि पुन्हा सगळ्या फेऱ्या मारल्या.

पगारदाराकडे फॉर्म १६ असतो. आपल्याकडे बागायत, मासे, होडीतला हिस्सा, गणपतीत चार दिवस मूर्तीचं काम. याला पावती कुठली? तिथे तलाठ्याचा अहवाल लागतो. (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण वाडीत अजून तलाठीभाऊच.) सोबत रेशनकार्ड, आधार, सातबारा, स्वयंघोषणापत्र. सातबाऱ्यावर आजोबा, चुलत आजोबा, त्यांच्या मुंबईच्या मुली असे तीसेक हिस्सेदार निघाले तर गांगरू नका. जमीन सामायिक आहे आणि आपला हिस्सा किती, एवढं तलाठ्याला समजावून सांगा, नाहीतर अख्ख्या बागेचं उत्पन्न तुमच्या नावावर लागायचं.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यात चांगला. पण कोकणात आजोबा गिरणीत आणि मुलं परळ-लालबागच्या म्युनिसिपल शाळेत, असं घरोघरी आहे. गावच्या शाळेत नाव सापडलं नाही तर हातपाय गाळण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पहिलीत नाव कुठे घातलं होतं. चुलत आजोबांचं, वडिलांच्या आत्याचं नाव गावच्या रजिस्टरात निघतं आणि नातं दाखवून काम होतं.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी लागते. तिला महिने जातात. बारावीला असताना कुणी काढली असेल तर ती जन्मभर चालते, नव्याने काढायची नाही. घरातल्या पत्र्याच्या ट्रंका शोधा. दोन वर्षांपूर्वी एका बाईला आम्ही नवा अर्ज भरून देणार, तेवढ्यात तिच्या आईने माहेरून फोटो पाठवला. सोळा वर्षं देव्हाऱ्यामागे ठेवलेली होती.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत जवळ ठेवायची. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, बँकेत तिसरंच, असं असेल तर कोणतं तरी एक नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या. माझा सल्ला असा की शिक्षणाची कागदपत्रं माहेरच्या नावाची असतील तर कॉलेजातही तेच नाव चालू ठेवा. कमी जागी दुरुस्ती करावी लागते.

खंडाच्या प्रतिज्ञापत्रात खरं ते सोपं लिहा : अमुक साली अमुक वर्ग सोडला, कारण हे, मधल्या काळात कुठल्याही संस्थेत प्रवेश घेतला नव्हता. त्याला किती मुद्रांक लावायचा ते कॉलेजला विचारा. जात, उत्पन्न, रहिवास अशा शासकीय दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र मुद्रांक शुल्क माफ आहे. तिथे कुणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावला तर घेऊ नका.

जुन्या कॉलेजातून सोडल्याचा दाखला आणि सगळ्या गुणपत्रिका, नापास सेमिस्टरच्यासुद्धा. पी.आर.एन. नंबर, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक, लिहून ठेवा.

महाडीबीटीवर अर्ज

तुम्ही पूर्वी कधी शिष्यवृत्ती घेतली असेल तर नवं खातं उघडू नका. जुन्या खात्याचं युजरनेम विसरलं असलं तरी आधारवरून ते परत मिळतं. दोन खाती झाली की ते निस्तरायला कॉलेज, मग जिल्ह्याचं ऑफिस, असा प्रवास होतो. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा, ओटीपी तिथेच येतो. जुना नंबर बंद असेल तर पहिलं काम आधार केंद्रात.

प्रोफाईलमध्ये आधीच्या शिक्षणाच्या भागात खंडाची वर्षं विचारतात. तिथे शून्य टाकून पुढे जायचा मोह होतो, कारण कागद जोडावा लागत नाही. टाकू नका. गुणपत्रिकेवरचं साल आणि प्रवेशाचं साल समोरासमोर असतं, कारकुनाला एका नजरेत दिसतं आणि अर्ज परत येतो. अर्धवट सुटलेला अभ्यासक्रम जुन्या नोंदीत 'चालू' असाच दिसत असेल तर आधी कॉलेजला सांगून तो निकाली काढा.

अर्ज पाठवला म्हणजे झालं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. मधे कुठेही त्रुटी काढून परत पाठवला जातो आणि त्याची चिठ्ठी घरी येत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून बघायचं. वाडीत रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी. मुदतवाढ मिळते खरी, पण तिच्यावर भरवसा ठेवून गणपतीनंतर बघू म्हणणारे किती राहिले ते मी पाहिलंय. आणि कॉलेजच्या कारकुनाशी भांडू नका. त्याच्याकडे तुमच्यासारखे कितीतरी अर्ज असतात, आणि परतलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज त्यालाही जरा वेळखाऊ असतो. कागदांची फाईल क्रमाने लावून नेलीत तर तो तुमचा आधी हातात घेतो.

शाहू महाराज योजनेत पुढे ५० टक्के हजेरी आणि प्रत्येक सेमिस्टरची परीक्षा द्यावी लागते. मासेमारी १ ऑगस्टला सुरू होते आणि कॉलेज तेव्हाच रंगात येतं. तेव्हा ट्रॉलरवर जाणाऱ्याने खलाशाच्या फेऱ्या आधीच ठरवून घ्याव्यात.

शिष्यवृत्ती बसत नसेल तर

घरातला कुणी बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदीत असेल, चिऱ्याच्या घराचा गवंडी, सेंट्रिंगवाला, तर तिथे विचारा. मंडळाची पदवीसाठी वर्षाला २० हजारांची मदत कामगाराच्या दोन मुलांना मिळते, तशीच नोंदीत पुरुष कामगाराच्या पत्नीलाही मिळते. परत शिकणाऱ्या बाईसाठी ही एक योजना खास, आणि नेमकी हीच कुणाला माहीत नसते.

कर्ज काढायचं तर चार लाखांपर्यंत बँका शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, पण ती देशातल्या ठरावीक संस्थांसाठीच आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं ती सवलत तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, आणि अभ्यासक्रम मधेच सोडला की ती जाते. एकदा सुटलेल्या माणसाने हे लक्षात ठेवून सही करावी. ओबीसी महामंडळाच्या व्याज परताव्याला मात्र वयाची अट आहे, १७ ते ३०. तिशी ओलांडलेल्यांनी त्या खिडकीवर वेळ घालवू नये.

पैसे जमा होतात ते आधारला जोडलेल्या बँक खात्यात, फॉर्ममध्ये तुम्ही मनात धरलेल्या खात्यात नव्हे. तुम्ही शेवटचं आधार ज्या बँकेत लिंक केलंत, तिथे. गोव्यात असताना पगारासाठी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं असेल तर रक्कम तिकडे जायला निघते आणि अडकते. अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन "माझं आधार एनपीसीआयला कुठल्या खात्याला जोडलंय?" (एनपीसीआय म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) एवढं विचारून घ्या, आणि पासबुकावर एंट्री मारून मगच घरी या.